ऑफिसातलं लिखाण सुधारायचं तर नेमकं काय करायचं?

अबोली · सोमवार, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा आज पहिल्यांदाच काढते.

मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी अ‍ॅशुरन्समध्ये आहे. सहा वर्षं झाली. काम येतं, मशीनं कळतात, खाली शॉपफ्लोअरवरची माणसं अडलं की मलाच हाक मारतात. पण यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी लिहिलं, "कामाची समज उत्तम. लेखन सुधारणे आवश्यक." फार लागलं ते, कारण खरं आहे.

गेल्या पंधरवड्यात माझा एक डेव्हिएशन रिपोर्ट तीनदा परत आला. आमच्याकडे ठरलेल्या पद्धतीपेक्षा काहीही वेगळं घडलं की काय झालं, का झालं, औषधावर त्याचा काय परिणाम आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे सगळं लिहावं लागतं. तिन्ही वेळा समासात तांबड्या पेनाने एकच शेरा: "नक्की काय झालं?"

मूळ इंग्रजीत आहे, पहिलं वाक्य मराठीत सांगते:

"उत्पादन विभागात सदर बॅचच्या प्रक्रियेदरम्यान ड्रायरच्या तापमानाबाबत काही प्रमाणात तफावत निदर्शनास आली असून, त्याबाबत संबंधितांशी चर्चा करण्यात आली व आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात आली आहे."

लिहिताना मला हे अगदी व्यवस्थित वाटलं होतं. आधीच्या सगळ्या रिपोर्टांत असंच असतं.

चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोंकणी. त्यामुळेच असं होतं का? क्लासची जाहिरात नको. तुमचं स्वतःचं लिखाण कशाने सुधारलं, तेवढं सांगा.

खाजें · सोमवार, रात्री 10:05

माझंही हेच दुखणं. मी कुंडईला स्टोअर्समध्ये. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

मानकुराद · सोमवार, रात्री 10:31

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पाया इंग्रजीचा आहे. पाचवीत एबीसीडी सुरू केलेल्या आपल्या सगळ्यांचं हेच होतं. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा, नवीन पाच शब्द वहीत उतरवा, व्याकरणाचं एक बारकं पुस्तक सहा महिन्यांत संपवा. मी हेच केलं. आज मडगावला आमच्या ऑफिसात टेंडरची सगळी कागदपत्रं माझ्याकडून जातात.

कुळागर · मंगळवार, सकाळी 6:40

अबोलीबाय, पणजीला सरकारी कचेरीत 34 वर्षं काढली मी. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, बांदोड्याला घरी असतो. सकाळी चहाबरोबर तुझा धागा वाचला आणि माझे पहिले हेडक्लार्क डोळ्यांसमोर उभे राहिले.

1984 ला मी कारकून म्हणून चिकटलो. सरकारात लिखाणाचे दोन प्रकार. एक टिपणी, म्हणजे फायलीत वरच्या साहेबासाठी लिहायची ती: विषय काय, नियम काय, आधी काय ठरलं, आता काय करावं. दुसरा मसुदा, म्हणजे बाहेर जाणारं पत्र. माझा पहिला मसुदा दीड पान होता. हेडक्लार्कांनी तो वाचलाच नाही. कागद टेबलावर पालथा घातला आणि म्हणाले, "आता तोंडानं सांग." मी सांगितलं, "सर, त्या माणसाचा अर्ज अपुरा आहे, जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडलेला नाही, तो पंधरा दिवसांत आणून द्यायला सांगायचंय." ते म्हणाले, "मग हे कागदावर का नाही?"

कागद सरळ करून बघतो तर उताऱ्याचं नाव दुसऱ्या पानावर, तेही "आवश्यक ती कागदपत्रे" या शब्दांत. म्हणजे तो बिचारा पेडण्याहून बस पकडून पणजीला येणार आणि कुठला कागद म्हणून विचारून परत जाणार.

पुढची दोन वर्षं ते माझा प्रत्येक कागद असाच पालथा घालायचे. मी तोंडानं सांगायचं, मग तेच लिहायचं. माझं लिखाण सुधारलं ते एवढ्यानेच. कोश नाही, क्लास नाही.

आणखी एक. आपल्या आजोबांची पत्रं आठव. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, आणि लगेच "पत्रास कारण की". तिसऱ्या ओळीत कारण येतंच येतं. तिसरी पास माणसाला जे साधायचं, ते आपण ऑफिसात बसून विसरलो. तुझ्या वाक्यात "पत्रास कारण" कुठाय?

सुरंगी · मंगळवार, सकाळी 7:15

कुळागरकाका, "आता तोंडानं सांग" हे लिहून भिंतीला लावणार आहे.

मी नर्स आहे, वॉर्डात सतरा वर्षं. ड्यूटी संपवून सविस्तर लिहिते.

घुमट · मंगळवार, सकाळी 10:20

मी इंजिनियर. मानकुरादबाबशी असहमत आहे. भाषा उत्तम असूनही लिखाण जीव घेऊ शकतं, याचा दाखला जगाला माहीत आहे.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते 16 जानेवारी 2003 ला उडालं. उड्डाणानंतर साधारण 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच खाली इंजिनियरांनी अभ्यास केला आणि स्लाइड करून वरिष्ठांना दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर वाटतं, चाचण्यांचे आकडे धीर देणारे आहेत, काळजी नको. आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा होता, आदळलेला तुकडा सुमारे 1920 घन इंचांचा असावा. म्हणजे 640 पट मोठा. ज्या चाचण्यांच्या जोरावर धीर दिला, त्या इथे लागूच नव्हत्या.

1 फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं. सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र लिहिलं आहे. ती वाचून वरिष्ठाला जिवावरचा धोका कळला नाही, तर त्यात नवल नाही, असा त्याचा आशय. मंडळींचं इंग्रजी तर जन्मजात होतं. चूक कुठे झाली? जे शीर्षकात हवं ते तळाला गेलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. कल्पना चावलांचा फोटो हॉस्टेलच्या दारावर चिकटवलेला होता. नोकरीला लागल्यावर ती स्लाइड पहिल्यांदा बघितली, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मेलचं विषयाचं वाक्य मी शेवटी लिहितो. सगळं लिहून झालं की स्वतःला विचारतो, यांनी फक्त हीच एक ओळ वाचली तर काय कळायला हवं?

मानकुराद · मंगळवार, दुपारी 1:10

घुमटबाब, दाखला मोठा आहे, मान्य. पण भाषेला एवढं खाली ढकलू नका. टेंडरात "शॅल" लिहिलं तर पुरवठादाराला खराब माल बदलून द्यावाच लागतो. "मे" लिहिलं तर ती त्याची मर्जी. आमच्याकडे एका जुन्या कागदात "मे" पडला होता आणि माल तसाच गोदामात राहिला. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते पक्कं ठाऊक होतं. तोंडानं विचारलं असतं तर बरोबर सांगितलं असतं. शब्दाने घात केला.

कुळागर · मंगळवार, दुपारी 2:00

हे मात्र खरं. मराठीत "करावे" आणि "करता येईल" यांत तेवढंच अंतर आहे. माझ्या म्हणण्यात ही भर घाला.

सुरंगी · मंगळवार, दुपारी 4:35

आले. तर अबोलीताई, आमच्याकडे रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करायची वेळ येते. नवीन मुलगी फोन करते, "डॉक्टर, सात नंबरच्या आजींना जरा बरं वाटत नाहीये." पलीकडून चार प्रश्न येतात, ती पुन्हा धावत जाऊन बीपी बघते, पुन्हा फोन. त्यात दहा मिनिटं जातात.

आम्हाला एक साचा शिकवला आहे, एसबार म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून तो रुग्णालयांत आला. चार गोष्टी, याच क्रमाने: आत्ता काय चाललंय, मागची हकीकत, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवं.

"सात नंबरच्या आजी, वय 71, एकाएकी धाप लागली आहे, ऑक्सिजन 86. काल हिपचं ऑपरेशन झालंय. फुप्फुसात गाठ गेली असावी अशी मला भीती आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा." बोलायला पंधरा सेकंद.

यातला तिसरा भाग मुलींना सगळ्यात जड जातो. "मला काय वाटतं" हे सांगायची सवय नसते, आपण लहान, डॉक्टर मोठे. मलाही पहिली पाच वर्षं धीर झाला नाही. मी नोटमध्ये लिहायची, "पेशंट अस्वस्थ. डॉक्टरांना कळवले." काय कळवलं? किती वाजता? ते काय म्हणाले? काहीच नाही. एकदा एका पेशंटच्या बाबतीत चौकशी झाली आणि मला माझीच नोट वाचून दाखवायला सांगितलं. मी त्या रात्री सगळं बरोबर केलं होतं, फोनही दोनदा केला होता. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. त्या खोलीत उभं राहून ते चार शब्द वाचताना काय वाटलं, ते अजून आठवतं.

तेव्हापासून वेळ, आकडा, कोणाला सांगितलं, काय उत्तर आलं, हे त्याच मिनिटाला लिहिते. नंतर आठवून लिहिलेलं गुळगुळीत होतं.

अबोली · मंगळवार, संध्याकाळी 6:50

सुरंगीताई, आमचा नियम अगदी हाच! अल्कोआ म्हणतात: कोणी लिहिलं ते कळावं, वाचता यावं, त्याच वेळी लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. खाडाखोड झाली तर एकच रेघ, जुनं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर तर आवारात आणायलाच बंदी. हे सगळं मी नवीन मुलांना शिकवते. आणि स्वतः रिपोर्ट लिहायला बसले की "काही प्रमाणात तफावत" लिहिते. हे आज तुमचं वाचताना लक्षात आलं.

रातांबा · मंगळवार, रात्री 8:15

कांदोळीला हॉटेलात फ्रंट ऑफिस. आमच्याकडे पाहुण्यांच्या तक्रारीला उत्तर लिहावं लागतं, आणि ते उत्तर पुढे बुकिंग करणारे शेकडो लोक वाचतात. आधीच्या मॅनेजरांनी एक ठरलेलं उत्तर करून ठेवलं होतं: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." एसी बंद असो की सांबारात केस निघो, उत्तर तेच.

एका आजोबांनी त्याखाली परत लिहिलं, "तुम्ही माझी तक्रार वाचली तरी का?" त्यांना गरम पाणी दोन दिवस नव्हतं, सोबत आजारी बायको होती. मी त्या रात्री ड्यूटीवर होतो. ठरलेलं उत्तर बाजूला ठेवून लिहिलं की मागच्या इमारतीचा बॉयलर शनिवारी सकाळी बिघडला, सुटा भाग सोमवारी आला, दरम्यान आम्ही तुमची खोली बदलून द्यायला हवी होती, ती दिली नाही, ही आमची चूक. आजोबांनी फोन केला. रागावले नव्हते. पुढच्या डिसेंबरात पुन्हा येऊन राहिले.

खरं काय झालं ते लिहायला आपण घाबरतो, म्हणून गोड शब्दांची भरती करतो, असं मला वाटतं.

तांबडीमाती · मंगळवार, रात्री 9:30

थोडं विषयांतर, पण लिखाणाचंच आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाबद्दल. गावातले लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. दहापैकी आठ अर्जांत "का" असतो. "आमच्या वाड्यावरचा रस्ता का केला नाही?" त्याचं उत्तर येतं, हे कायद्यातल्या "माहिती"च्या व्याख्येत बसत नाही. लोकांना वाटतं सरकार लपवतंय. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 सालीच म्हटलंय की कायद्यातल्या "माहिती"त "का" या प्रश्नाचं उत्तर येत नाही. कार्यालयाकडे जे नोंदलेलं आहे, ते मागता येतं.

म्हणून मी लिहितो, "अमुक वाड्यावरील रस्त्याच्या प्रस्तावाची फाइल, तिच्यातील सर्व टिपण्या आणि अंदाजपत्रक यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात." टिपणीतच "का"चं उत्तर असतं! दहा रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, नाही मिळालं तर पहिलं अपील. एकच गोष्ट हवी आहे, फक्त कशी मागायची ते ठाऊक हवं. कुळागरकाकांच्या उताऱ्यासारखंच आहे हे, कागदाचं नाव लिहा.

पाटो-पूल · मंगळवार, रात्री 9:48

अर्ज कुठल्या भाषेत लिहिता? माझ्या मते मराठीतच लिहावा, आपला हक्क आहे.

तिसवाडी · मंगळवार, रात्री 9:55

राजभाषा कोंकणी आहे. हक्काची भाषा करायची तर तीही करा.

तांबडीमाती · मंगळवार, रात्री 10:10

1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मी दोन्हींत लिहितो, ज्याची जी असेल तीत. हा वाद इथे नको, अबोलीताईंचा धागा आहे. त्यांना रिपोर्ट द्यायचाय.

तिसवाडी · मंगळवार, रात्री 10:14

बरें. थांबलो.

फेरीबोट · बुधवार, सकाळी 11:05

मला एक सांगायचंय, ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी डिचोलीचा. खाणीवर डिस्पॅचला होतो. दिवसाला किती ट्रक, किती टन, कुठली बार्ज (मालवाहू होडी), माझ्या वहीत सगळं एका ओळीत असायचं. 2012 ला काम थांबलं, मग थोडं सुरू झालं, आणि मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पूर्ण बंद. तेव्हा माझं वय 43. आयुष्यात पहिल्यांदा बायोडेटा लिहायला बसलो.

पुतण्याने लिहून दिला: "मेहनती, प्रामाणिक, संघात काम करण्याची आवड, उत्तम संवादकौशल्य." वीस-बावीस ठिकाणी दिला. एकाही ठिकाणाहून फोन नाही. शेवटी वास्कोच्या एका लॉजिस्टिक कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने विचारलं, "तुम्ही खाणीवर रोज करत काय होता?" मी सांगितलं, पावसाळा सोडून रोज 200 वर ट्रकांचं वजन, पास आणि बार्जचं भरणं मी एकटा जुळवायचो, महिनाअखेर टनाचा हिशेब चुकला तर माझी मान. तो म्हणाला, "हे लिही. बाकीचं सगळं काढ."

चार ओळींचा बायोडेटा झाला. त्याच कंपनीत लागलो, आजही तिथेच आहे.

म्हणून अबोलीताईंना सांगतो, शाळा मराठी होती म्हणून काही अडत नाही. माझं इंग्रजी आजही जेमतेम आहे. माझे मेल तीन ओळींचे असतात आणि माझ्या मेलला उत्तर सगळ्यात लवकर येतं.

अबोली · बुधवार, सकाळी 11:40

फेरीबोटदादा, तुमचं वाचून डोळे भरून आले. देव बरें करूं.

पाटो-पूल · बुधवार, दुपारी 12:30

कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. चॅटजीपीटीला द्या की. मी तीन ओळी टाकतो, झकास रिपोर्ट मिळतो. आता एवढं शिकत कोण बसतो?

घुमट · बुधवार, दुपारी 12:50

भाषा साफ करायला मीही वापरतो. पण तीन ओळींचं पान होतं तेव्हा मधली माहिती कुठून आली, हे तपासलंत का?

अबोली · बुधवार, दुपारी 1:25

मी घरी करून बघितलं होतं, आणि हे सांगायलाच हवं. आधी एक: कंपनीचा मजकूर बाहेरच्या साधनात टाकायला आमच्याकडे मनाई आहे, म्हणून नावं, आकडे सगळं बदलून टाकलं. परत आला तो रिपोर्ट दिसायला सुंदर होता. त्यात एक वाक्य होतं, "संबंधित ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले." कोणी दिलं नव्हतं! मी तसं कुठे लिहिलंही नव्हतं. रिपोर्टात असं वाक्य असतं म्हणून त्याने घातलं. आमच्या कामात न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहिणं ही चूक नाही, खोटी नोंद आहे. इन्स्पेक्टरने त्या प्रशिक्षणाचा कागद मागितला तर मी काय दाखवणार होते?

पाटो-पूल · बुधवार, दुपारी 1:40

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पाठवलेले जुने रिपोर्ट आज बसून परत वाचतो.

मानकुराद · बुधवार, संध्याकाळी 7:20

ताई, ते वाक्य पुन्हा लिहून टाका इथे. सगळे मिळून बघूया. नुसत्या सल्ल्यांनी काय होणार.

अबोली · गुरुवार, रात्री 11:10

टाकते. पण आधी काल आणि आज काय झालं ते सांगते, कारण लिखाणापेक्षा ते मोठं आहे.

काल रात्री जेवण झाल्यावर रिपोर्ट पालथा घातला आणि नवऱ्याला म्हटलं, मी सांगते, तू ऐक. तो बँकेत आहे, ड्रायर त्याने बघितलेलाही नाही. मी सुरुवात केली, "ड्रायर जास्त तापला." तो म्हणाला, "कोणी तापवला?" मी म्हटलं, सेटिंग जास्त होतं. "कोणी ठेवलं?" आणि मी गप्प. मला ठाऊकच नव्हतं! "निदर्शनास आली", "करण्यात आली" असं लिहीत गेल्यामुळे "कोणी" हा प्रश्न वाक्यात येतच नव्हता, म्हणून मलाही पडला नव्हता.

आज सकाळी पहिलं काम, खाली गेले. ड्रायरच्या पॅनेलवरची जुनी नोंद काढून बघितली. आदल्या दिवशी त्याच ड्रायरवर दुसरं औषध होतं, त्याचं सेटिंग 72. औषध बदलताना लाइन क्लिअरन्सची चेकलिस्ट भरतात. तीत साफसफाई आहे, लेबलं आहेत, उरलेला माल आहे. तापमानाचं सेटिंग तपासायची ओळच नाही. ऑपरेटरने चेकलिस्ट शब्दशः पाळली होती. आणि मी तीनही वेळा कारण म्हणून "मानवी चूक" लिहिलं होतं. त्या मुलाला मेमो मिळायचा होता.

आता वाक्य:

"14 तारखेला दुपारी 3:10 ते 3:50 या वेळेत ड्रायर 72 अंशांवर चालला, या औषधाची मर्यादा 55 ते 65 आहे. आधीच्या औषधाचं सेटिंग बदललं गेलं नव्हतं. लाइन क्लिअरन्स चेकलिस्टमध्ये सेटिंग तपासण्याची ओळ नाही. बॅच रोखून ठेवली आहे. ओलाव्याची आणि अशुद्धतेची चाचणी पूर्ण झाल्यावर निर्णय घ्यावा. चेकलिस्टमध्ये ओळ घालण्यास मंजुरी द्यावी."

सुरंगी · गुरुवार, रात्री 11:18

अगो, केवढं बदललं! आणि तो मुलगा वाचला.

मानकुराद · शुक्रवार, सकाळी 8:05

उत्तम. दोन शंका. 72 अंश कुठलं तापमान, आत येणाऱ्या हवेचं की मालाचं? आणि "बदललं गेलं नव्हतं" यात अजून "कोणी" लपलंय.

अबोली · शुक्रवार, सकाळी 8:30

हवेचं, इनलेट. लिहायला हवं, बरोबर. आणि दुसऱ्या शंकेवर विचार केला. ऑपरेटरचं नाव तपासाच्या भागात येतं, पहिल्या वाक्यात नको वाटतं. तिथे नाव आलं की वाचणारा चेकलिस्टपर्यंत पोचतच नाही, माणूस धरून बसतो.

कुळागर · शुक्रवार, सकाळी 9:00

मानकुरादबाब, इथे मी बायच्या बाजूने. कर्ता कुठे उघड करायचा आणि कुठे मागे ठेवायचा, ते ठरवून केलेलं असलं की चालतं. सवयीने झालेलं चालत नाही.

मानकुराद · शुक्रवार, सकाळी 9:12

पटलं.

अबोली · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:20

रिपोर्ट मंजूर! समासात तांबडा शेरा आहेच, "चेकलिस्टचा आवृत्ती क्रमांक लिहा." तेवढाच. साहेबांनी बोलावून विचारलं, एवढ्यात काय केलंस? मी तुम्हा सगळ्यांबद्दल सांगितलं. आमच्या सेक्शनमधल्या दोन नवीन मुली आता रोज दुपारच्या चहाला एकमेकींचा कागद पालथा घालून ऐकवतात.

खाजें · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:45

अभिनंदन ताई! आता माझं बघाल का? पुरवठादाराला उद्या सकाळी मेल पाठवायचाय: "मागील खेपेस काही बॉक्स कमी प्राप्त झाले आहेत, तरी याबाबत आपण लक्ष घालून सहकार्य करावे ही विनंती."

कुळागर · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:50

तोंडानं सांग. किती मागवले, किती आले?

खाजें · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:52

400 मागवले, 362 आले. चलनावर 400 लिहिलंय.

अबोली · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:55

मग तेच लिहा, चलनाच्या नंबरासकट. उरलेले 38 कधीपर्यंत हवेत?

खाजें · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:56

मंगळवारी सकाळी पॅकिंग सुरू होतंय.

सुरंगी · पुढच्या गुरुवारी, रात्री 9:58

सोमवार दुपारी 4 वाजेपर्यंत, असं लिहा.